कवडूमामाला झोपू दे

हुडकेश्वर, नागपूर
२५ ऑगस्ट

जितू,

सही करणार नाही.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण मग तू म्हणशील, ताईने उघडूनही पाहिलं नाही. म्हणून सांगते, वाचलं. मुखपृष्ठापासून मागच्या किमतीपर्यंत वाचलं आणि वाचता वाचता दोनदा चहा गार झाला. तू माझा नंबर ब्लॉक केलास, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, पण कुरिअरवाल्याला काही ब्लॉक करता येत नाही. तेव्हा आता पत्रं येतील. फेकून दिलीस तर आणखी येतील. इतकी वर्षं कॉलेजात मराठी शिकवून मला एक गोष्ट नक्की जमते, ती म्हणजे न ऐकणाऱ्यांसमोर बोलत राहणं.

तुझं पाकीट पोळ्याच्या दिवशी आलं. आत बाबांच्या 'नदीअलीकडे'ची नवी मुद्रितं आणि वर एक संमतिपत्र. 'कै. नत्थूजी निखारे यांचे आम्ही वारस' वगैरे. खाली सह्यांसाठी दोन रेघा. एकीवर तुझी ऐटदार वळणाची सही आहे, दुसरी माझी वाट पाहतेय. सोबत तुझ्या पुण्याच्या प्रकाशनाच्या ऑफिसातल्या कोणाची तरी टिपणी: एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला कादंबरी बी.ए.ला लावायची आहे, पण ती उलटी चालते, मुलांना कळत नाही, म्हणून प्रकरणं सरळ क्रमाने लावून 'सुबोध आवृत्ती' काढतो आहोत, दिवाळीपर्यंत संमती मिळावी. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. शहरातली सगळी पीडा घेऊन जाते म्हणतात. माझ्या मनात आलं, हे पाकीट तिच्या हाती द्यावं.

बाबांच्या तेरवीला तू सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला होतास, "मला बाबांचं पुस्तक कधी कळलं नाही." आणि मी बसल्या जागेवरून म्हणाले होते, "पूर्ण वाचलं असतंस तर कळलं असतं." तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. मी ते वाक्य मागे घेत नाही. ही मुद्रितं पाहिल्यावर तर मुळीच नाही.

कारण बाबांनी गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे नेली, ती काही छापखान्यात पानं मागेपुढे झाली म्हणून नाही. एकाहत्तरच्या लढाईतून परतलेला एक फौजी नागपूर स्टेशनवर उतरतो, तिथे पुस्तक सुरू होतं. मग आपण मागे मागे जातो. इस्पितळ, छावणी, ती नदी, नदीच्या आधीचे दिवस, आणि अगदी शेवटी उमरेडहून भरतीसाठी निघालेली दोन पोरं. एक बाबा आणि दुसरा कवडूमामा. आईचा भाऊ, बाबांचा दोस्त, जो नदीवरून परत आला नाही. नागपूरच्या इतवारी स्टेशनला जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीत कवडूमामाला झोप येते आणि तो म्हणतो, "नत्थू, इतवारी आली का मले उठवजो." तिथे पुस्तक संपतं. तो झोपलेला आहे आणि गाडी चालली आहे.

तुझ्या आवृत्तीत हे पहिलं पान झालंय. मामा मध्यावर मरतो आणि उरलेलं अर्धं पुस्तक मेलेलाच राहतो.

भाऊबीजेला आपल्या घरी काय होतं ते तू विसरला नसशील. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. आईने कधी चंद्राला ओवाळलं नाही. बाबा तिला शेवटचं पान वाचून दाखवायचे, पुस्तक उघडं धरायचे आणि ती त्या पानाला ओवाळायची. आता पुस्तक मी धरते. यंदा दिवाळीत मी कोणतं पान उघडू ते सांग.

तुझी
ताई


हुडकेश्वर
९ सप्टेंबर

जितू,

रविवारी तू आईला फोन केलास तेव्हा मी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले होते. तू नेहमीप्रमाणे मी घरात नाही असं समजून बोललास आणि मी नेहमीप्रमाणे सगळं ऐकलं. आई फोन कानाला लावत नाही, स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवते, हे तुला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

"ताईले म्हणा, कारण सांग. भाषण नको अन् भाऊबीजही नको. जुनं पुस्तक हाय न आईपाशी, त्यातलं वाच म्हणा."

फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "काहून भांडून राहिली वं त्याच्याशी? लेकरू हाय थे." लेकरू त्रेचाळीस वर्षांचं आहे आणि त्याला पुण्यात मधुमेहाची गोळी चालू आहे. असो.

तुझा मुद्दा बरोबर आहे. आईसाठी जुनी प्रत आहे. तेव्हा आता आईला बाजूला ठेव, भाऊबीजही ठेव. तुला कारण हवं ना, घे. मूळ पुस्तकाचं पहिलं पान काढ.

स्टेशनच्या बाकावर एक फौजी बसलाय. बाबांनी त्याला नाव दिलेलं नाही. तो उतरला, तो बसला, तो नळाचं पाणी प्यायला. रिक्षावाला विचारतो कुठं जायचं, तर तो सीताबर्डी म्हणतो, मग नको म्हणतो, मग इतवारी म्हणतो, मग तेही नको. त्याच्याजवळ दोन पेट्या आहेत. एक तो उघडून पाहतो, दुसरीला हातही लावत नाही. संध्याकाळ होते, झाडूवाली येते, त्याला पाय वर घ्यायला सांगते. तो पाय वर घेतो. प्रकरण संपलं.

मी हे पान एम.ए.च्या वर्गात वाचलं. रितिका म्हणून एक मुलगी आहे, महाल भागातून येते, वर्गात सहसा खिडकीबाहेर बघत बसते. तिनेच विचारलं, "मॅडम, हा घरी काहून जाऊन नाही राहिला? अन् दुसरी पेटी कोनाची हाय?"

मी सांगितलं नाही. वाचा म्हटलं. आणि वाचलं त्यांनी! एरवी गाईडशिवाय पुस्तकाला न शिवणारी पोरं, पण त्यांना पेटी कोणाची ते हवं होतं. तुझ्या आवृत्तीत त्या बाकापर्यंत पोचताना सगळ्यांना सगळं माहीत झालेलं असतं. पेटी मामाची आहे, उमरेडला मामाच्या आईसमोर ती ठेवावी लागणार आहे, म्हणून हा माणूस उठत नाही. मग कोण कशाला विचारेल? तू प्रश्न काढून टाकलास आणि उत्तर आधी छापलंस.

दुसरं कारण. सुरुवातीला तो माणूस नुसता 'तो' आहे. इस्पितळात पोचलो की 'मी' बोलायला लागतो. नदी मागे पडली की 'मी' जातो आणि 'आम्ही' येतो. आम्ही उठलो, आम्ही खड्डा खणला, आम्हाला पत्र आलं. पत्र एकालाच आलेलं असतं, तरी बाबा 'आम्हाला' लिहितात. म्हणजे पुस्तक एकट्या माणसापासून निघतं आणि दोघांपाशी पोचतं. लढाईवरच्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या. बहुतेक सगळ्या दोघांपासून निघून एकट्यापाशी पोचतात, कारण लढाई तशीच असते. बाबांना ते ठाऊक होतं, त्यांनी भोगलं होतं, आणि तरी त्यांनी वाट उलटी धरली. हे विस्कळीत मन नाही, जितू. समीक्षकांनी तसं लिहिलं, मीही माझ्या प्रबंधात 'भंगलेला काळ' वगैरे शब्द पेरले होते, पदवी मिळाली. पण ही जिद्द आहे. शिस्तीत, ओळीने केलेली जिद्द.

तिसरं कारण मला आपल्या तांडापेठेतल्या जुन्या घरात मिळालं. आजोबा मागावर बसायचे तेव्हा विणलेलं लुगडं त्यांच्या पोटाजवळच्या लाकडी रुळावर गुंडाळत जायचं. सगळ्यात आधी विणलेलं सगळ्यात आत. पुरं झालं की बाबा रूळ सोडवून चटईवर कापड उलगडायचे, तेव्हा शेवटी विणलेलं आधी दिसायचं आणि पहिला धागा सगळ्यात शेवटी. कोष्ट्याच्या घरात वस्तू अशीच उघडते. बाबांनी पुस्तक तसंच उलगडलं. आपल्याकडे याला कोणी उलटं म्हणत नाही.

आणि नदी? कवडूमामा कसा गेला हे बाबांनी लिहिलेलंच नाही. एका प्रकरणाच्या शेवटी सकाळ आहे, चहा झालाय, आणि 'एक मग कोरडाच राहिला' असं वाक्य आहे. पान उलटलं की आदली संध्याकाळ. मामा वाळूने दोन्ही मग घासत बसलाय आणि बाबांना म्हणतो, "तुले भांडे घासता येत नाई गा नत्थू." मरण त्या दोन पानांच्या मध्ये आहे. तिथे एक कोरं पानसुद्धा सोडलेलं नाही. आपण वाचत असतो, मामा गेला हे लक्षात येतं न येतं तोच तो समोर बसून भांडी घासत असतो. इतकं कडेकोट बांधकाम मी मराठीत फार कमी पाहिलंय, आणि वडिलांचं आहे म्हणून म्हणत नाही. वडिलांचं आहे म्हणून उलट मी इतकी वर्षं हात आखडता घेतला.

ही कारणं झाली. सही करणार नाही.

ताई


हुडकेश्वर
२४ सप्टेंबर

जितू,

तुझं दुसरं पाकीट मिळालं. माझ्या पत्राला उत्तर म्हणून तू दोन ओळी लिहायच्या, तर तू एक अख्खं प्रकरण पाठवलंस! 'नवे प्रकरण, मध्यभागी घालणे.' नाव काय, तर 'पैलतीर'. कवडूमामाच्या मरणाचं साग्रसंगीत वर्णन. मी म्हणते तिथे काही नाही हीच तर गोष्ट आहे, आणि तू तिथे सात पानं ठोकून बसवलीस.

कोण आहे हा लेखणीबहाद्दर? कोणत्या मासिकात लिहितो? लढाई त्याने टीव्हीवर पाहिली असणार. धुकं आहे, पाण्यात गोळ्या पडतायत, मामा कमरेइतक्या पाण्यात, गोळी मानेला, बाबा त्याला धरून काठाकडे ओढतायत. आणि वर बाबांचं नाव! बाबांनी न लिहिलेलं बाबांच्या नावावर छापायचं, याला तुमच्या धंद्यात काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या वर्गात एखाद्या पोराने असं केलं तर मी त्याला बाहेर उभं करते. तू ही पानं छापलीस तर मी त्या अभ्यास मंडळासमोर जाऊन उभी राहीन आणि कोणतं वाक्य बाबांचं नाही ते एकेक करून सांगीन. वर्तमानपत्रात लिहीन. वकील रामदासपेठेत ढिगाने आहेत, त्यांच्याकडेही

(दुसऱ्या दिवशी)

काल पत्र इथेच थांबलं, कारण आई मागे येऊन उभी राहिली होती. "कायची एवढी फणफण करून राहिली वं?" म्हणाली. मी रागातच ते प्रकरण तिला वाचून दाखवलं. वाटलं, ती माझ्याहून जास्त भडकेल आणि मग तुझा रविवारचा फोन बघण्यासारखा होईल.

ती भडकली नाही. शेवटच्या पानावर मामा बाबांना म्हणतो, "वच्छीले सांगजो, मी येऊन राहिलो." तिथे तिने हात वर केला. परत वाच म्हणाली. मी परत वाचलं.

"हे जितूनं लिवलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, कशावरून?

"वच्छी कोन म्हने मले? माही माय, माहा भाऊ, अन् तुहे बाबा. पुस्तकात माहं नावच नाई. पुन्यातल्या मानसाले काय ठाऊक?"

मग तिने ती पानं माझ्या हातातून घेतली, चष्म्याच्या डबीखाली ठेवली आणि भाजी निवडायला बसली.

जितू, खरं सांग. तू लिहिलंस का?

ताई


हुडकेश्वर
७ ऑक्टोबर

जितू,

तुझं पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. हाताने लिहिलेलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, रेघेवरून खाली घसरणारं. मी ते तीनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. तू 'आईला सांगू नको' लिहिलं होतंस, पण तिने आधीच ओळखल्यावर त्याला काय अर्थ होता?

तुझी काही वाक्यं मला पाठ झाली आहेत. 'तुझ्या वाट्याला माग आला, आजोबा आले, कापड उलगडताना बोलणारे बाबा आले. मी जन्मलो तेव्हा माग विकून झाला होता. माझ्या वाट्याला खापरखेड्याच्या वीज केंद्राचं क्वार्टर आलं, गेटवरची ड्युटी करून येऊन झोपणारा माणूस आला, आणि एक पुस्तक, जे त्याने मला कधी समजावून सांगितलं नाही.' आणि पुढे, 'मी चार वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी त्या बाकावरच अडकलो. मला वाटायचं, हा माणूस घरी का येत नाही? बाबा घरीच असायचे, ताई, पण मला तेच वाटायचं. म्हणून मी पानं सरळ लावली. मला त्यांच्याबरोबर निघायचं होतं आणि त्यांच्याबरोबर परत यायचं होतं. नदीपाशी वाट नव्हती, म्हणून ती मी बांधली.'

हे वाचून मी रडले. लपवत नाही. नंतर तोंड धुतलं आणि परत लिहायला बसले, कारण रडले म्हणून सही करीन असं तुला वाटायला नको.

तुझं प्रकरण मी पुन्हा वाचलं, या वेळी लाल पेन न घेता. ते चांगलं आहे. धुकं जरा कमी कर, गोळीही मानेला नको, पण बाबा मामाला ओढत असताना त्याचा बूट चिखलात राहतो आणि बाबा बुटासाठी परत जातात, ते कुठून सुचलं तुला? मामा गेलेला आहे आणि हा माणूस बूट शोधतोय. ते बाबांना जमलं नसतं. जमलं असतं तरी त्यांनी लिहिलं नसतं. चांगलं आहे म्हणूनच ते बाबांच्या पुस्तकात नको. वाईट असतं तर वाचणाऱ्यांनी आपोआप वगळलं असतं. हे वगळणार नाहीत. सगळे नदी ओलांडून जातील आणि तो कोरडा मग कोणाला दिसणार नाही.

तू विचारलंस, 'मुलांना सोपी दिली आणि जुनीही राहिली, तर कोणाचं काय जातं?' दुकानात दोन राहत नाहीत, जितू. तुझा धंदा आहे, तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. सोपी आली की दुसरी छापायची कोणी तसदी घेत नाही. आणि आईपाशी जुनी प्रत आहे हे खरं, पण आई एकटीच आहे का? कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा, कोणाची पोर असं मध्येच गेलेलं असतं. त्या घरातलं कोणीतरी कधीतरी बी.ए.ला बसणारच. त्याला एक पुस्तक असं मिळू दे की जे संपतं तेव्हा गेलेला माणूस झोपलेला असतो, फक्त झोपलेला, आणि स्टेशन यायला अजून वेळ आहे. ते खोटं आहे हे त्यालाही कळेल. कळूनही हवं असतं, जितू. मला हवं आहे.

अभ्यास मंडळाने घेतलं नाही तर न घेवो.

आणि एक. तू अडकलास, त्याच बाकावर रितिकाही अडकली होती. प्रश्नही तिचा तोच होता, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. फरक इतकाच की तिला सांगायला मी होते आणि तरी मी सांगितलं नाही. तुला सांगायला कोणी नव्हतं. तेव्हा तुला पुस्तक कळलं नाही हे मला आता पटत नाही. तू त्याच्या पहिल्या पानात जन्मभर बसून होतास.

प्रकरण आईने ठेवून घेतलंय. परत मागू नकोस, देणार नाही म्हणते.

ताई


हुडकेश्वर
२४ ऑक्टोबर

जितू,

संमतिपत्र परत पाठवते आहे. सही नाही. का ते पुढे सांगते, आधी दिवाळीत काय झालं ते ऐक.

परवा पाडव्याला सकाळी आई न्हाऊन बसली आणि म्हणाली, "जितूच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाच." मी म्हटलं, भाऊबीज उद्या आहे. "ठाऊक हाय मले. त्याचं वाच." मी तुझी मुद्रितं काढली. तुझं शेवटचं पान म्हणजे बाबांचं पहिलं. स्टेशन, बाक, दोन पेट्या, झाडूवाली.

इतकी वर्षं आपण घरात फक्त मामाचं पान वाचलं. हे पान आईला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. बाबांनीही नाही. तिनेही कधी मागितलं नाही.

झाडूवाली त्याला पाय वर घ्यायला सांगते, तिथे आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "थे तिथं बसून होते, अन् मी उमरेडले त्यायले शिव्या देऊन राहिली होती. माहा भाऊ कुठं टाकून आला म्हनून. पेटी घेऊन आले तं मी बाहेर नाई निघाली. पानी बी नाई देलं." डोळे न उघडताच पुढे म्हणाली, "एकटे बसले होते वं."

नंतर उठली आणि तबक मागितलं. मला आधी कळलंच नाही. "आज पाडवा हाय न?" ती चिडून म्हणाली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, नवरा गेल्यावर कोणी ओवाळत नाही. शेजारच्या देवकीकाकू फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, दिवा लावला आणि त्या पानाला ओवाळलं. सुपारी, अक्षता, सगळं रीतीप्रमाणे. "या, बसा," त्यांना म्हणाली, "माह्या घरचे आले."

काल भाऊबीजेला जुनी प्रत उघडली, शेवटचं पान वाचलं. नत्थू, इतवारी आली का मले उठवजो. त्यालाही ओवाळलं.

रात्रभर मी या दोन पानांचा विचार केला. पाडवा आधी येतो, भाऊबीज नंतर. बाबांच्या पुस्तकात नवरा आधी येतो, भाऊ नंतर. बाबांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, प्रबंधात लिहिलं असतं तर मार्गदर्शकांनी हाकलून दिलं असतं. पण जो परत आला त्याला त्यांनी उंबऱ्यावर बसवलं आणि जो आला नाही त्याला आतल्या खोलीत निजवलं. तू पानं फिरवली नसतीस तर आईने ते पहिलं पान कधी ऐकलं नसतं. हे तुझं देणं आहे आणि मी ते मान्य करते. तरीही क्रम बदलायचा नाही.

आता माझी अट. संमतिपत्र नवं कर. प्रकरणं बाबांच्या क्रमाने, शब्द बाबांचे, कोरडा मग कोरडाच. आणि सुरुवातीला प्रस्तावना. ती मी लिहिणार नाही. मी लिहिली तर तंत्र, निवेदक, काळाची रचना, सगळं येईल आणि पोरं तिथेच झोपतील. ती तू लिहायची. पहिलं वाक्य तयार आहे, तेरवीला तूच बोललास: मला बाबांचं पुस्तक कधी कळलं नाही. तिथून सुरू कर. त्या बाकावर चार वेळा कसा अडकलास ते लिही. अडकलेल्या पोरांना दुसरं अडकलेलं पोरच हात देऊ शकतं. बुटाची गोष्टही तिथे लिही, तुझ्या नावाने, तुझं म्हणून. असं पुस्तक आलं तर मी त्याच दिवशी सही करीन. अभ्यास मंडळ नको म्हणालं तर मी माझ्या वर्गात लावीन, आणि पुढच्या वर्षी परत त्यांच्या दारात जाईन. मला निवृत्त व्हायला अजून वेळ आहे.

शेवटचं. काल आईचं झाल्यावर मी तबक घेऊन गच्चीवर गेले. भाऊबीजेचा चंद्र नखाएवढा असतो आणि समोर नवी बिल्डिंग झालीय, तिच्या पाण्याच्या टाकीमागे तो लगेच जातो. मी घाईघाईत ओवाळलं. बाबा गेल्यापासूनची ही तिसरी दिवाळी. आईचा भाऊ नदीत राहिला तरी तिने कधी चंद्राला ओवाळलं नाही. माझा भाऊ पुण्यात आहे, जेवतो, खातो, रविवारी फोन करतो, आणि मी भाऊ नसलेल्या बाईसारखी टाकीआड जाणाऱ्या चंद्रामागे धावते आहे.

पुढच्या वर्षी मी गच्चीवर जाणार नाही. आधीच सांगून ठेवते. पाट मांडलेला असेल. त्याआधी कधी आलास तरी चालेल, प्रस्तावना घेऊन आलास तर फार चांगलं. रात्रीच्या गाडीने निघ. झोप लागली तर लागू दे, काळजी करू नकोस. नागपूर आलं की मी फोन करून उठवीन.

नंबर तेवढा सुरू कर.

तुझी
ताई